मैदानासाठी आणि स्पर्धांसाठी सरकारी अनुदान: कुणी मिळवलंय का? अनुभव हवेत

धायरीचा_खो
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण मिळून पुण्याजवळ धायरीत नऊ वर्षं मुलामुलींचं खो-खोचं मंडळ चालवतोय. मंडळ म्हणजे एका शाळेचं मैदान, दोन खांब, चुन्याची पिशवी आणि संध्याकाळी साडेपाचला येणारी पन्नासेक पोरं. फी घेत नाही. शाळेनं मैदान वापरायला दिलंय ते तोंडी, लेखी काही नाही. आत्तापर्यंत वर्गणीवर भागलं पण आता अडलंय. थंडीत सव्वासहाला अंधार पडतो, म्हणजे सराव जेमतेम पाऊण तास. गेल्या डिसेंबरात आमची एक चौदा वर्षांची पोर खांबाला वळसा घालताना अंदाज चुकून खांद्यावर आपटली. हाड वाचलं, पण तिची आई दुसऱ्या दिवशी मैदानावर येऊन नुसती उभी राहिली, काही बोलली नाही, आणि ते आम्हाला जास्त लागलं. तेव्हापासून दोन मोटारसायकली मैदानाच्या तोंडाशी लावतो आणि हेडलाइटच्या उजेडात शेवटचा डाव खेळवतो. तो उजेड थेट डोळ्यांवर येतो, मधल्या पाटीत बसलेल्या पोरांना पळणारा दिसतच नाही.

दिव्यांचं कोटेशन घेतलं. चार खांब, दिवे, केबल सगळं धरून पावणेपाच लाख. शिवाय दर मे महिन्यात १४ वर्षांखालच्यांची स्पर्धा घेतो, तिचा खर्च वेगळा.

तर विचारायचंय असं की सरकारी अनुदान आमच्यासारख्यांना खरंच मिळतं का, कुठून सुरुवात करायची, किती दिवस लागतात. आणि माझं स्वतःचं मत असं झालंय की पैसा स्पर्धा आणि इमारती यांच्याकडे जातो, रोजच्या सरावाकडे येत नाही. चुकत असेन तर सांगा.

पेठकर७७
वाचतोय. आमच्याही मंडळाला हवंय.

आकडेमोड_काका
धायरीकर, मी सीए आहे, चार-पाच संस्थांचे असे प्रस्ताव करून दिलेत, त्यातले दोन मंजूर झाले. सरळ सांगतो.

राज्य सरकारच्या क्रीडा खात्याच्या दोन योजना तुमच्या कामाच्या, क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान. मी केले तेव्हा दोन्हीत कमाल मर्यादा ७ लाखांची होती. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यायचा, पैसा येतो जिल्हा वार्षिक योजनेतून, आणि ती मंजूर करते जिल्हा नियोजन समिती, जिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. म्हणजे प्रस्ताव नुसता चांगला असून भागत नाही, तो वेळेत यादीत चढायला लागतो.

कागद: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, घटना, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, कार्यकारिणीचा ठराव, अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागेचा कागद. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड संस्थेच्या नावावर पाहिजे, नाहीतर लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार. तुमचं मैदान "तोंडी" आहे. खरं सांगायचं तर तुमचा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर तिथेच अडकणार. दिवे, खांब, अनुदान सगळं नंतर, आधी शाळेच्या विश्वस्तांना भेटा.

धायरीचा_खो
काका, नोंदणी आहे, ऑडिटही दरवर्षी होतं. जागेचा प्रश्न खरा आहे. शाळेचं म्हणणं लेखी दिलं तर उद्या तुम्ही मैदानावर हक्क सांगाल. त्यांचीही भीती खोटी नाही, पुण्यात जागेच्या भांडणात आख्खी आयुष्यं गेलेली बघितलीत सगळ्यांनी.

आभा_कर्वेनगर
मी आई म्हणून लिहितेय, कागदपत्रांतलं मला कळत नाही. माझ्या दोन्ही मुली कबड्डी खेळल्या. मोठी २०१८ साली राष्ट्रीय स्पर्धेला गेली तेव्हा रेल्वेत खेळाडूंना सवलत होती, तिकीट अगदी थोडक्यात झालं. मार्च २०२० मध्ये करोनात ती सवलत बंद झाली. धाकटीच्या वेळी पूर्ण तिकीट, ते पण वेटिंगचं, कारण निवड जाहीर झाली निघायच्या सहा दिवस आधी. दोघी-तिघी एका बर्थवर बसून गेल्या बत्तीस तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. पाय सुजलेल्या अवस्थेत चढाया केल्या पोरीनं. हरल्या.

मैदान, दिवे सगळं हवंच. पण अनुदानाची गोष्ट निघाली की कुणी पोरांच्या प्रवासाबद्दल बोलत नाही म्हणून लिहिलं.

खेळगडी
आभाताई, बत्तीस तास! वाचून पोटात कालवलं.

बालेवाडीकर
मूळ मताशी मी सहमत नाही, आणि ठामपणे नाही. स्पर्धांवर खर्च होतो म्हणूनच सुविधा उभ्या राहतात. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल कसं झालं? १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. त्या पुण्याला मिळाल्या नसत्या तर तिथे आज काय असतं ते आजूबाजूचे टॉवर बघून तुम्हीच ओळखा. मग २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा आल्या, पुन्हा पैसा आला, पुन्हा दुरुस्ती झाली. जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा तिथेच झाल्या आणि महाराष्ट्र २२८ पदकं घेऊन पहिला आला.

नेमबाज स्वप्नील कुसळे मूळचा कोल्हापूरचा, पण त्याची रायफल बालेवाडीच्या रेंजवर घडलीय. २०२४ ला पॅरिसमध्ये त्यानं कांस्य घेतलं तेव्हा मी रेंजच्या बाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो, तिथला पोऱ्या ग्लास धुता धुता थांबून मोबाइल बघत होता. ही रेंज एखाद्या "रोजच्या सरावासाठी" म्हणून कुणी मंजूर केली असती का? नसती केली. स्पर्धेच्या नावावर मिळते.

सिंहगडरोड_वैतागलेला
बालेवाडीकर तुमचं बरोबर, पण धायरीहून बालेवाडीला संध्याकाळी पाचला निघून बघा एकदा. पोर पोचेपर्यंत सराव संपवून बाकीचे घरी गेलेले असतात.

बालेवाडीकर
मान्य. अंतर हा मुद्दा मान्य.

लालमाती
मी तालमीतला माणूस, मला सुविधा म्हटलं की वेगळंच आठवतं. आमच्या तालमीला बऱ्याच वर्षांपूर्वी अनुदान मिळालं, वस्ताद हयात होते तेव्हा. मिळालं म्हणजे साहित्य आलं. काय आलं? दोन ट्रेडमिल, एक पोट कमी करायचं मशीन, सायकल. वस्तादांनी मागितली होती आखाड्याची माती आणि डोक्यावर पत्रा. ते यादीत नव्हतं, मशीन यादीत होतं.

ज्यांनी आखाडा बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाल माती नुसती आणून ओतायची नसते. चाळायची, खडा अन् खडा काढायचा, मग तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून खणून खणून एकजीव करायची. नीट झालेली माती मुठीत दाबली तर लाडू वळतो आणि बोटानं टिचकी मारली की फुटतो. तशी नसेल तर पोरांच्या गुडघ्याला, कोपराला खरचटतं आणि जखम चिघळते. दरवर्षी भर घालावी लागते, पावसाळ्यात ओल धरली तर सगळी उपसून वाळवावी लागते. हा खर्च कुठल्या सदरात टाकणार? बांधकाम नाही, साहित्य नाही. ट्रेडमिलवर मात्र पंचनाम्यासारखा नंबर टाकलाय, तो अजून आहे. पट्टा तुटला त्यालाही आता दहा वर्षं झाली, नंबर पडला म्हणून भंगारात देता येत नाही.

आकडेमोड_काका
लालमाती, तुम्ही अगदी मुळावर बोट ठेवलंत. सरकारी भाषेत याला भांडवली आणि महसुली खर्च म्हणतात. भिंत बांधली, मशीन घेतलं की भांडवली, ते मोजता येतं, फोटो काढता येतो, उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याला, जोडता येतो. माती चाळणं, गवत कापणं, पाणी मारणं, वॉचमनचा पगार हे महसुली, दर महिन्याचं, त्याला अनुदान देताना सगळ्यांचाच हात आखडतो. निर्लेखन करून, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करून, ती ट्रेडमिल काढता येते बरं का, कार्यकारिणीचा ठराव करून क्रीडा कार्यालयाला पत्र द्या. मी मसुदा करून देईन, निरोप पाठवा.

स्मिता_वारजे
आमच्या सोसायटीसमोर ओपन जिम झालंय, तिथे सकाळी सहा आज्या येतात, पाय हलवायच्या मशीनवर बसतात आणि जगाचा निकाल लावतात. माझी सासू त्यात आहे. गुडघेदुखी कमी झाली असं ती म्हणते, मला वाटतं गप्पांनी झाली. पण त्या पैशानं एक बाई जरी घराबाहेर पडली तरी मला पटतं.

पेठकर७७
सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्या आईला पण पाठवतो.

पीटीसर_निवृत्त
३४ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यामुळे थोडं मागे जाऊन बोलतो, विषय सोडत नाहीये.

खो-खोचे नियम पहिल्यांदा व्यवस्थित लिहिले गेले ते आपल्या पुण्यात, १९१४ साली, डेक्कन जिमखान्याच्या समितीनं. त्याच जिमखान्याच्या १९१९ च्या शर्यतींना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. खेड्यातून आलेली पोरं अनवाणी पळतायत आणि वेळ मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्यातूनच १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला सहा जणांचं पथक गेलं, चार धावपटू आणि दोन पैलवान. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. पदरचे पैसे घालणारा माणूस उभा राहिला म्हणून ते झालं.

आणि पैलवान खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्या पैशातून आलंय. १५ जानेवारीला त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून होतो, तेव्हा मी दरवर्षी शाळेत जाऊन मुलांना ही गोष्ट सांगतो आणि विचारतो, तुमच्या शाळेतलं कुणी घर गहाण ठेवेल का? मुलं म्हणतात, सर तुम्ही ठेवाल. मला तेव्हा बोलता येत नाही.

एखाद्या प्राचार्याला घर गहाण ठेवायची पाळी यायला नको, त्यासाठी तर सरकारी अनुदान.

खेळगडी
सर __/\__

मॅरेथॉन_माणूस
थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. सरकारकडे हात का पसरायचा? आमचा रनिंग ग्रुप आहे, दरवर्षी दहा किलोमीटरची शर्यत घेतो, नावनोंदणीची फी, टी-शर्टवर प्रायोजक, दोन वर्षांत तोटा बंद झाला. कुणाच्या दारात गेलो नाही, कुठल्या टेबलावर फाइल अडकली नाही. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासून चालू आहे, लोक स्वतःहून पैसे भरून पळतात.

आभा_कर्वेनगर
पळणारे नोकरी करणारे आहेत हो. त्यांच्याकडे फी भरायला आहे. धायरीकरांच्या मंडळातल्या पोरांचे आईवडील काय करतात ते विचारा.

धायरीचा_खो
रिक्षा, धुणीभांडी, गवंडीकाम, दोघांचे वडील सोसायट्यांत वॉचमन. बूट घेऊन देतो आम्ही, तेही मापाचे मिळेपर्यंत पोर अनवाणी खेळतं. मॅरेथॉन_माणूस, तुमचा राग नाही. पण आम्ही प्रवेश फी शंभर रुपये केली तर बारा संघांतले सात येणार नाहीत, करून बघितलंय एक वर्ष.

मॅरेथॉन_माणूस
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मागे घेतो शब्द. बुटांच्या बाबतीत आमचा ग्रुप मदत करू शकेल, चांगल्या अवस्थेतले बूट दर सहा महिन्यांनी बाजूला पडतात. मापं पाठवा.

सायकल_सदाशिव
स्पर्धांवरून आठवलं, जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर. जगभरचे सायकलपटू आपल्या घाटांतून गेले, मी पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभा होतो, घोळका सुर्रकन गेला तेव्हा अंगावर काटा आला. आणि त्या निमित्तानं ४३७ किलोमीटरच्या मार्गावरचे रस्ते सुधारले, आमच्या गावाकडचा रस्ता मी जन्मात असा बघितला नव्हता. बालेवाडीकर म्हणतात त्यात तथ्य आहे. तारीख ठरलेली असली की कामं होतात.

सिंहगडरोड_वैतागलेला
मग आमच्या रस्त्यावरून पण दरवर्षी एक शर्यत न्या, मी स्वतः झेंडा दाखवतो.

माजी_मार्गदर्शक
मी एका तालुक्याच्या क्रीडा संकुलात मानधनावर सात वर्षं काम केलं, तालुका सांगत नाही. मला वाटतं या धाग्यात हे यायला हवं.

राज्याच्या धोरणात विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर संकुलं आहेत. तालुका संकुलाला आधी १ कोटीपर्यंत मिळायचे, ती मर्यादा ५ कोटी केली. जिल्ह्याची ८ वरून २५, विभागाची २४ वरून ५० कोटी. वाढ मोठी आहे आणि गरजेची होती. आमचं जुन्या दरातलं. हॉल सुंदर झाला, बॅडमिंटनचं लाकडी कोर्ट, पोरं कोर्टावर पाय ठेवायच्या आधी चपला बाहेर काढून नमस्कार करायची.

तिसऱ्या पावसाळ्यात पन्हाळीत पानं अडकली. साफ करायला माणूस नाही. पाणी भिंतीतून आत आलं आणि एका कोपऱ्यातल्या फळ्या फुगल्या. मी पत्र दिलं. समितीकडे देखभालीचा पैसा नव्हता, संकुलानं स्वतःच्या उत्पन्नातून भागवावं अशी अपेक्षा होती, रस्त्याकडेचे गाळे भाड्यानं द्यायचे, हॉल द्यायचा. गाळ्यांचं भाडं थकलेलं. मग हॉल लग्नाला दिला. लाकडी कोर्टावर सतरंज्या टाकून पंगत बसली, खुर्च्यांचे पाय ओढल्याचे चरे अजून आहेत. पुढच्या पावसाळ्यात अर्धं कोर्ट गेलं. फळ्यांवरून चाललं की टकटक वाजायचं आणि शटल पडल्याचा आवाज आला तरी पोरं दचकून खाली बघायची, आणखी एक फळी उचलली की काय म्हणून. शेवटी कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडे असायची, मी दर आठवड्याला उघडून झाडून घ्यायचो, खेळायला कुणी नसलं तरी.

महिन्याला एक माणूस आणि वर्षाला एकदा पन्हाळी साफ. एवढंच लागत होतं.

धायरीचा_खो
माजी_मार्गदर्शक, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला सुरुवातीला जे म्हणायचं होतं ते हे होतं, मला मांडता आलं नव्हतं. स्पर्धा की सराव हा प्रश्नच नाही. बांधून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे झाडू कोण मारणार, हा आहे.

बालेवाडीकर
यावर सहमत. सिंथेटिक ट्रॅकचंही तेच. आठ-दहा वर्षांत वरचा थर नव्यानं घालावाच लागतो, पुण्याच्या उन्हात तर नक्कीच. उद्घाटनाच्या दिवशीच तो पैसा बाजूला ठेवायला पाहिजे. तसं होताना मी बघितलेलं नाही.

नियमावली
कुणीतरी केंद्राचं विचारेल म्हणून आधीच लिहून ठेवते. खेळ हा घटनेनुसार राज्यांचा विषय, सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीत ३३ व्या नोंदीत. तरी केंद्र पैसे देतं, मुख्य योजना खेलो इंडिया. २०१७-१८ पासूनच्या तीन वर्षांना १७५६ कोटी होते, पुढे २०२१-२२ ते २०२५-२६ साठी ३१६५.५० कोटी. त्यातून सुविधा, स्पर्धा, अकादम्या आणि निवडलेल्या खेळाडूंना महिना १०,००० रुपये खर्चाला मिळतात. पण त्यातला सुविधांचा पैसा राज्य सरकार, महापालिका, विद्यापीठ अशांच्या प्रस्तावावर जातो. धायरीकर, चार खांबांसाठी तिकडे जाऊ नका, वर्ष वाया जाईल. तुमचं काम जिल्ह्यातच होईल, किंवा आता महापालिकेच्या निवडणुका होऊन नगरसेवक परत आलेत त्यांच्याकडे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं तेही दार बंद होतं.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, तोही बघा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात आणि यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण आहे. मंडळानं सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो, एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही.

लालमाती
ताई, "प्रशिक्षण" म्हटलंय ना, त्यात माती बसते का?

नियमावली
प्रशिक्षण केंद्राचा वर्षाचा खर्च म्हणून मांडलीत तर बसवता येईल असं मला वाटतं. त्यात माती, ताक, तेल, वस्तादांचं मानधन एकत्र दाखवा. एकटी माती मागू नका.

लालमाती
ताक वाचून कंपनीतला माणूस जेवायलाच येईल.

नियमावली
आला तर बसवून घ्या, बटाटेवडा पण द्या आणि सही घ्या.

खोखो_भक्त
बक्षिसांचं कुणी बोललं नाही. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, आपली मुलं आणि मुली दोन्ही जिंकल्या, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले. कर्नाटकच्या खेळाडूंनी तर आपलं उदाहरण देऊन त्यांच्याकडचे पाच लाख नाकारले. मातीतल्या खेळाला इतका मान मिळालेला मी पहिल्यांदा बघितला, रडलो होतो मी त्या दिवशी, खोटं सांगत नाही.

पीटीसर_निवृत्त
मान मिळालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. मला फक्त एवढंच वाटतं की जिंकल्यावरच्या एका बक्षिसाच्या पैशात धायरीसारखी चाळीसेक मैदानं उजळतात. बक्षीस कमी करा असं मी म्हणणार नाही. दोन्ही द्या. प्रियांका, प्रतीक कुठल्यातरी अशाच मैदानावर पहिल्यांदा पाटीत बसले असतील.

पेठकर७७
विषयांतर, पण मैदानावरून आठवलं. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियानं वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं, वर्ल्डकपचा सामना. माझे वडील होते तिथे, शेंगदाण्याची पुडी अजून जपून ठेवलीय त्यांनी. लहानपणी आम्हाला वाटायचं तिथे खेळायला मिळणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात जाणं.

खेळगडी
पुडीचा फोटो टाका!

पेठकर७७
वडिलांची परवानगी काढतो.

आकडेमोड_काका
धायरीकर, मूळ मुद्द्यावर येऊ. शाळेशी बोलणं झालं का? आणि तीन गोष्टी आत्ताच डोक्यात ठेवा.

पैसा बहुतेक वेळा मार्चमध्ये येतो. कोषागारात शेवटच्या आठवड्यात रांग असते आणि ३१ तारखेच्या आत बिल निघालं नाही तर रक्कम परत जाते. माझ्या एका संस्थेचं असंच गेलं, ३० मार्चला अंदाजपत्रकावर एक सही कमी निघाली. म्हणून सगळे कागद डिसेंबरातच तयार पाहिजेत.

दुसरं, विजेचं मीटर कुणाच्या नावावर घेणार आणि बिल कोण भरणार ते प्रस्तावाच्या आधी ठरवा. दिवे लागले आणि बिल थकून वीज तोडली अशी मैदानं मी बघितलीत. दिवा बसवणं एकदाचं, बिल दर महिन्याला.

तिसरं, काम झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या. ते थकलं की पुढचं अनुदान कायमचं विसरा. प्रत्येक पावती, कामाच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो, सगळं एका फाइलला.

धायरीचा_खो
काका, तेच सांगायला आलोय. काल विश्वस्तांना भेटलो. पीटीसरांना इथून निरोप पाठवून बरोबर यायची विनंती केली होती, सर खरंच आले, बसनं. त्यांचा एक विद्यार्थी विश्वस्तांत निघाला. आम्ही मैदान मागायला गेलोच नाही. आम्ही म्हटलं अर्ज शाळेनंच करावा, जागा शाळेची, दिवे शाळेचे, मीटर शाळेचं. मंडळ लेखी देईल की विजेचं बिल आणि देखभाल आमची. त्यासाठी माणशी महिना १०० रुपये देणारे ३१ जण आत्ता वहीत लिहिलेत, त्यात रिक्षावाले सातजण आहेत. हक्काची भीती त्यामुळे राहिली नाही. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या सभेत ठराव मांडतो.

काका, शाळेच्या नावावर अर्ज केला तर चालेल ना?

आकडेमोड_काका
चालेल, शाळांनाही ही योजना आहे, जागेचा कागद स्वच्छ असल्यानं उलट सोपं जाईल. तुमचं देखभालीचं पत्र प्रस्तावाला जोडा. एवढ्या वर्षांत असं पत्र जोडलेला प्रस्ताव मी बघितलेला नाही.

माजी_मार्गदर्शक
त्या पत्रात पन्हाळी घाला. शाळेच्या इमारतीचं पाणी मैदानाकडेच उतरत असेल ना?

धायरीचा_खो
उतरतं, पश्चिमेच्या कोपऱ्यात. लिहितो.

नियमावली
अंदाजपत्रकाला नकाशा लागेल. मैदान २७ बाय १६ मीटरचं पूर्ण आहे का ते आधी टेप लावून मोजा, खांब बाहेरच्या मोकळ्या जागेच्याही पलीकडे पाहिजेत. नाहीतर पुन्हा कुणीतरी आपटेल.

लालमाती
मी येतो मोजायला. टेप आहे माझ्याकडे, तीस मीटरची, आखाड्याची.

मॅरेथॉन_माणूस
मी पण. बुटांच्या दोन गोण्या झाल्यात, त्या घेऊन येतो. धाकट्यांची मापं कमी आहेत, मोठ्यांचे बरेच आहेत.

आभा_कर्वेनगर
धाकटी येतेय माझी, तिला पोरींना भेटायचंय. येताना पोहे आणते, किती जण आहात?

धायरीचा_खो
पोरं धरून साठ होतील ताई, एवढं नका करू. रविवारी सकाळी सात वाजता. शाळेचं मागचं फाटक उघडं असेल, पुढच्याला कुलूप असतं. चुना आहे आमच्याकडे.